शेवटच्या बॉडीची वाफ

साखर कारखान्यात पाहुणा आला की त्याला गव्हाण दाखवतात. मोळी टाकण्याचा समारंभ तिथेच होतो, फोटोही तिथलेच छापून येतात. दुसरा मान बॉयलरचा, कारण त्याचं अग्निप्रदीपन असतं. रस आटवण्याच्या मजल्यावर सहसा कोणी चढत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका जुन्या सहकारी कारखान्यात ऐन हंगामात मी तो लोखंडी जिना चढलो, तो वाफेसाठी. पावसाळ्यात तिथले पाइप बदलले होते आणि नव्या जोडणीची परीक्षा आता सुरू होती.

मजल्यावर पाच उंच बंद भांडी ओळीने उभी असतात. कामगार त्यांना ‘बॉडी’ म्हणतात. शंभर टन उसाचा साधारण तेवढाच रस येतो, त्यात घन पदार्थ पंधराएक टक्के. पाक साठ टक्क्यांचा व्हायचा तर पंच्याहत्तर टन पाणी उडवावं लागतं. गुऱ्हाळात हे पाणी एकदाच उकळून आभाळात जातं. इथे पहिल्या बॉडीत रसातून निघालेली वाफ दुसरीतला रस उकळते, दुसरीची तिसरीतला, अशी ती पाच वेळा कामाला येते. प्रत्येक पुढच्या बॉडीत दाब कमी ठेवला की रस कमी तापमानाला उकळतो. पहिलीत 115 अंशांच्या आसपास, शेवटचीत 55 ते 60. ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू यांची. न्यू ऑर्लिन्समध्ये 1806 साली जन्मलेले हे कृष्णवंशीय अभियंते पॅरिसला शिकले. लुइझियानात गुलाम माणसं उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत असत, त्या काळात रिलियू यांनी 1843 मध्ये याचं पेटंट घेतलं.

पण खरी गंमत पाच बॉडींत नाही, त्यांच्यामधून वाफ कुठे वळवता त्यात आहे. रस आटवण्याआधी तो तापवावा लागतो, आधी सत्तर अंशांपर्यंत, गंधकाची प्रक्रिया झाल्यावर शंभराच्या पुढे. शंभर टन रस पस्तिसावरून सत्तरवर न्यायला सुमारे सहा टन वाफ लागते. ती थेट टर्बाइनमधून आलेली वापरली तर सहाच्या सहा टन खर्ची पडली. पहिल्या बॉडीतून घेतली तर एक पंचमांश वाचली, चौथीतून घेतली तर चार पंचमांश. आणि पाचवीतून घेतली तर जवळजवळ सगळीच, कारण ती वाफ एरवी कंडेन्सरच्या पाण्यात विरून जाणार होती.

मग सगळं पाचवीतूनच का नाही? पंचावन्न अंशांची वाफ रसाला फार तर पंचेचाळीसपर्यंत नेते. पुढचा टप्पा चौथीने, त्यापुढचा तिसरीने, दुसरीने घ्यायचा. तापमानातला फरक जितका कमी, तितक्या नळ्या जास्त लागतात. म्हणजे वाफ वाचवायची तर तांबं-पोलाद घालावं लागतं. शिवाय मधून वाफ काढली की आधीच्या बॉडींवर भार वाढतो आणि त्यांचा पृष्ठभाग अपुरा पडतो. म्हणून जुन्या कारखान्यात हे काम नव्यापेक्षा अवघड. इथे एका जुन्या बॉडीची जागाच बदलली होती, आणि एक पाइप खांबाला वळसा घालून नेला होता. नकाशावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात कधीच सरळ जात नाही.

मुंबईतल्या माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांतही कोडं हेच: गरम होऊन बाहेर पडणाऱ्या तेलाने आत येणारं कच्चं तेल तापवायचं आणि भट्टीला उरलंसुरलं काम द्यायचं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बोडो लिनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणित बांधलं. कुठली उष्णता कुठे वापरली की ती वाया जाते, याची सीमारेषाच त्यातून काढता येते.

गणिताला दोन गोष्टी छळतात. पहिली म्हणजे नळ्यांतली खपली. रसातले क्षार आणि सिलिका आतून चिकटत जातात. शेवटच्या बॉडीत ती दगडासारखी होते. कॉस्टिक उकळून, मग ब्रशने नळ्या घासाव्या लागतात. त्या मजल्यावरचे एक जुने मामा म्हणाले, “साहेब कागदावर वाफ वाचवतात, आम्ही ब्रशनं.” मला ते पुरतं पटलं. दुसरी गोष्ट म्हणजे पाकाची साखर करणारे वरचे पॅन. एकाच वेळी दोन पॅनना वाफ लागली की खालचा दाब डुलायला लागतो, तापमान ढळतं, आणि कोणीतरी घाईने टर्बाइनच्या वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी महिनाभराची शिस्त गळून जाते.

वाफ निवून झालेल्या गरम पाण्याचीही अशीच वाटणी असते. पहिल्या बॉडीचं शुद्ध पाणी बॉयलरला. पुढच्यांच्या पाण्यात साखरेचा अंश येऊ शकतो, म्हणून अल्फा नॅफ्थॉलने तपासतात. जांभळं कडं उमटलं की ते पाणी बॉयलरपासून दूर. पण त्याची उष्णता रसाला देता येते. उसात सत्तर टक्के पाणीच असतं, त्यामुळे दुष्काळी तालुक्यांच्या या जिल्ह्यात हे पाणीही थोडंथोडकं नाही.

याच जिल्ह्यातला प्रवरानगरचा कारखाना 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि मग जिल्हाभर चिमण्या दिसू लागल्या. त्या पिढीच्या कारखान्यांना बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून संपवायचीच होती, वाफ वाचवण्याचं कारण नव्हतं. शंभर टन उसामागे पन्नास टन वाफ चालून जायची. आता वीज विकता येते, डिस्टिलरीला वाफ लागते. चांगल्या जोडणीत हा आकडा चाळिसाच्या खाली येतो. रोज 5000 टन गाळणाऱ्या कारखान्यात शंभर टन उसामागे दहा टन वाफेची बचत म्हणजे दिवसाला सुमारे दोनशे टन बगॅस.

सभासदाला साखरेचा उतारा दशांशापर्यंत पाठ असतो, वाफेचा टक्का बहुधा कोणी विचारत नाही. पुढच्या वार्षिक सभेत अहवाल हातात आला की विचारा: शंभर टन उसामागे वाफ किती लागली, आणि शेवटच्या बॉडीची वाफ रस तापवायला जाते की सरळ कंडेन्सरला?