सभा ते वस्तू: ‘थिंग’चा प्रवास

इंग्रजीत एखाद्या वस्तूचं नाव आठवलं नाही की ‘थिंग’ म्हणून वेळ निभावून नेतात. या निर्गुण शब्दाला एकेकाळी केवढा मान होता! जुन्या नॉर्स भाषेत थिंग म्हणजे सभा. तंटे सोडवणारी आणि कायदे ठरवणारी.

इ.स. 930च्या सुमारास आइसलँडमध्ये आल्थिंग, म्हणजे सर्वांची सभा, भरू लागली. कायदा तेव्हा लिहिलेला नव्हता. तो मुखोद्गत असलेला निवेदक दरवर्षी एकतृतीयांश भाग सर्वांसमोर म्हणून दाखवी. तीन वर्षांत पारायण पुरं होई. आपल्या मौखिक परंपरांचं कौतुक असणाऱ्याने ही सभा जिथे भरे त्या थिंगवेलिरच्या माळरानालाही मनोमन नमस्कार करावा. बेटाने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, हा निवाडा सुमारे 1000 साली इथेच झाला. तो देणारा कायदा-निवेदक थोरगेइर स्वतः जुन्या देवांना मानणारा होता!

मग सभेची वस्तू कशी झाली? शब्दाचा मूळ अर्थ बहुधा ‘ठरलेली वेळ’; गॉथिक भाषेत ‘थेइह्स’ म्हणजे काळ. ठरल्या वेळी सभा भरते, सभेपुढे प्रकरण येतं, प्रकरण म्हणजे एखादी बाब, आणि बाब झिजत झिजत नुसती वस्तू उरते. जर्मन ‘डिंग’ही याच वाटेने गेला. ‘झाखं’ हा वस्तूसाठीचा दुसरा जर्मन शब्द मुळात कोर्टकज्जाचा. लॅटिन ‘काउझा’ म्हणजे दावा; त्यातून इटालियन ‘कोझा’ आणि फ्रेंच ‘शोज’ निघाले, दोन्हींचा अर्थ वस्तू. नॉर्वेच्या स्टोर्टिंग आणि डेन्मार्कच्या फोल्केटिंग या संसदांनी मात्र जुना अर्थ जपला.

मला खरा आनंद होतो तो आपली ‘गोष्ट’ पाहून. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गोठा, गोष्ठी म्हणजे बैठक आणि तिथलं संभाषण. त्यातून मराठीत ‘गोष्ट’ आली आणि ‘ही गोष्ट मला पटत नाही’ म्हणण्यापर्यंत पोचली. थिंगशी तिचं काही नातं नाही. चार माणसं जमून जे बोलतात, तेच जगातली ‘बाब’ ठरतं, हे दोन्हीकडे आपापलं घडलं. एका धातूपासून निघालेल्या शब्दांपेक्षा मला हे साम्य अधिक मोलाचं वाटतं. शिवाय सुखदुःखाच्या गोष्टी करताना आपण संभाषणाचा तो जुना अर्थ आजही वापरतोच.

गोष्टीला कथेचा अर्थही मिळाला. थिंगला तो कधी चिकटला नाही, जरी नियालच्या गाथेसारख्या आइसलँडिक कथांतले काही मोठे प्रसंग आल्थिंगमधल्या खटल्यांत घडतात.