तरुण वयातला लकवा : नशा लपवू नका

लकवा म्हणजे म्हातारपणाचा आजार, असे आपण धरून चालतो. पण एमडी, कोकेन, मेथ अशी उत्तेजक नशा करणाऱ्याला तो विशी-तिशीतही गाठू शकतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन. केंद्र सरकारने २०१५ मध्ये त्याचा समावेश एनडीपीएस कायद्यात केला. तरीही ही पुडी मोहल्ल्यापर्यंत पोहोचलीच. जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना ‘नशामुक्त नवी मुंबई’ अभियान हाती घ्यावे लागले, ते उगीच नाही.

ही नशा शरीरात नेमके काय करते? रक्तदाब एकाएकी चढतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. दाब सहन न होऊन एखादी रक्तवाहिनी फुटली, तर ब्रेन हॅमरेज होते. आकसलेल्या वाहिनीत रक्ताची गुठळी अडकली, तर मेंदूच्या त्या भागाचे रक्त तुटते. सततच्या सेवनाने वाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. कोकेनच्या बाबतीत तर एकदाच घेतल्यावरही झटका येऊ शकतो.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे किंवा अचानक असह्य डोके दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर.

डॉक्टरांनी नशेबद्दल विचारले, तर खरे सांगा. बदनामीच्या भीतीने गप्प राहिलात, तर उपचाराची दिशा चुकू शकते. पोलिसांच्या भीतीचेही तसेच. सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात नशा बाळगणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. अट एवढीच की उपचार पूर्ण केले पाहिजेत. सल्ल्यासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

दारू तेवढी हराम आणि पुडी चालते, असा समज काही मुलांमध्ये आढळतो. अक्कल झाकणारी प्रत्येक नशा इस्लामने हराम ठरवली आहे. अकलेची हिफाजत हा शरीअतच्या पाच मूळ उद्देशांपैकी एक. जुम्म्याच्या बयानात हे आवर्जून सांगितले जावे, अशी इमाम साहेबांना आमची विनंती आहे.

तौबेचा दरवाजा उघडा आहे. आपण आपल्या घराचा दरवाजा अशा मुलासाठी बंद करू नये.