बायू क्लासिक : लुइझियानाचं जिवंत वैर

लुइझियानाच्या उत्तरेला ग्रॅम्ब्लिंग हे लहानसं गाव, दक्षिणेला मिसिसिपीकाठी बॅटन रूज ही राजधानी. एकीकडे ग्रॅम्ब्लिंग स्टेट, दुसरीकडे सदर्न; दोन्ही कृष्णवर्णीयांची विद्यापीठं आणि अमेरिकन फुटबॉलमधले हाडवैरी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ते भिडतात. हाच ‘बायू क्लासिक’.

सदर्न १८८० सालचं, ग्रॅम्ब्लिंग १९०१ चं. सरकारी कृषी विद्यापीठांत वर्णभेद नको, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था काढा, असा केंद्राचा कायदा १८९० साली झाला. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळ्या संस्था पत्करल्या आणि पैसे देताना हात आखडता घेतला. अशा तुटपुंज्या साधनांत एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत ग्रॅम्ब्लिंगचा संघ घडवला. ४०८ विजय मिळवले, दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलला दिले. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. ते काम कृष्णवर्णीयाला झेपणार नाही, असा समज मुरलेला होता. रॉबिन्सन यांचा शिष्य डग विल्यम्स याने १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, एकाच क्वार्टरमध्ये चार टचडाउन पास देऊन त्या समजाला उत्तर दिलं. त्याचा वॉशिंग्टन संघ जिंकला, सामनावीर तोच ठरला.

क्लासिकचा जन्म मात्र कठीण काळातला. नोव्हेंबर १९७२ मध्ये सदर्नचे विद्यार्थी बऱ्या सोयींसाठी आणि कारभारात आवाज मिळावा म्हणून आंदोलन करत होते. पोलिसी कारवाईत गोळीबार होऊन दोन विद्यार्थी ठार झाले. खटला कुणावरच भरला गेला नाही. राज्याच्या गव्हर्नरांनी माफी मागितली ती २०२२ साली. त्याच सुमारास गोऱ्यांच्या बड्या विद्यापीठांची दारं उघडू लागली आणि गुणी कृष्णवर्णीय खेळाडू तिकडे वळू लागले. तेव्हा ग्रॅम्ब्लिंगचे प्रसिद्धीप्रमुख कॉली निकल्सन यांनी हे वैर मोठ्या शहरात, मोठ्या मैदानावर नेलं. १९७४ मध्ये टुलेन स्टेडियमवर पहिला क्लासिक झाला, पुढच्या वर्षी सुपरडोममध्ये. २००५ साली कतरिना वादळाने शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा सामना ह्यूस्टनला हलला, पण झाला.

सामन्याच्या मध्यंतरात इथे कुणी जागेवरून उठत नाही. सदर्नचं ‘ह्यूमन ज्यूकबॉक्स’ हे बँडपथक मैदानात उतरतं तेव्हा वादक गुडघे कमरेपर्यंत उचलत येतात, सूझाफोनची अवजड पितळी तोंडं एका लयीत डावी-उजवीकडे डोलतात. समोरचा ग्रॅम्ब्लिंगचा ‘वर्ल्ड फेम्ड’ टायगर बँडही तोलामोलाचा. १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये तो वाजला होता. आदल्या रात्री या दोघांची स्वतंत्र जुगलबंदी रंगते. फुटबॉलमध्ये हरलेला पाठीराखा बँडच्या जोरावर वर्षभर वाद घालू शकतो.

या झगमगाटामागे ओढाताण आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये बुरशी लागलेल्या सुविधा आणि बसचे लांबलचक प्रवास यांना कंटाळून ग्रॅम्ब्लिंगच्या खेळाडूंनी एका सामन्यावर बहिष्कार टाकला. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच राज्याला पत्र पाठवून हिशेब मांडला : त्याच बॅटन रूजमधल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या तुलनेत सदर्नला तीन दशकांत एक अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला. हे वैर विद्यार्थ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि वादकांनी जिवंत ठेवलं. त्यांनी आपला वाटा कधीच उचलला आहे. आता राज्याने आपली थकबाकी चुकती करावी.