डिस्क वाकली म्हणे!

गेल्या वर्षी श्रावणात नाशिकहून मुंबईला निघालो होतो. कसारा घाट उतरताना ब्रेकवर पाय टेकवला की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि पाय उचलला की पुन्हा शांत. "रस्ता खराब आहे की गाडी?" बायकोनं विचारलं. मी रस्त्यावर ढकललं. परत आल्यावर गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "साहेब, डिस्क वाकलीय. पुढच्या दोन्ही बदला."

"मोजली का?"

"मोजायची कशाला? हातालाच कळतंय की."

उभी हयात मशीनशॉपमध्ये गेलेला मी माणूस. ब्रेकची डिस्क बिडाची असते, आणि बीड तडकेल, तुटेल, पण पत्र्यासारखं वाकेल हे काही मनाला पटेना. गाडी घरी आणली आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी पसरून बसलो.

हात घालण्याआधी त्या चकतीवर काय गुदरतं ते बघू. इगतपुरी ते कसारा उतार साधारण ३०० मीटरचा. चार माणसांसकट १२०० किलोची गाडी एवढी खाली आणायची, तर जवळपास ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. कळशीभर, म्हणजे दहा-अकरा लिटर पाणी उकळेल इतकी ती उष्णता. थोडी वाऱ्यात जाते, गिअर खालचा ठेवला तर बरीचशी इंजिन खातं आणि उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. त्यातही पुढच्या चाकांना झुकतं माप, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. म्हणून बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्याचे तांब्याचे पॅड चकतीवर घासून असे किंचाळत, की कल्पना मागे पडली. १९५३ साली जग्वारनं डिस्क ब्रेकच्या गाड्यांवर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली आणि मग जग वळलं. बीड मात्र टिकून आहे, आणि ते उगाच नाही. त्याच्या पोटात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ते उष्णता भराभर पसरवतात आणि कंप गिळतात.

मग थरथर येते कुठून? बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी दुसरीपेक्षा ०.०२ मिलिमीटर फरक पडला, तरी पॅड त्या उंचवट्यावर चढताना आणि उतरताना पायाला आणि हाताला झटके देतात. असा फरक दोन वाटांनी येतो. घाट उतरून ब्रेक लालबुंद झालेले असताना तुम्ही टोलनाक्यावर ब्रेक करकचून दाबून उभे राहता. पॅडचा मसाला त्या एका जागी चिकटतो आणि त्याचा ठसा उरतो. पुढच्या वेळी तीच जागा जास्त तापते, जास्त मसाला ओढते.

दुसरी वाट जास्त फसवी आहे. डिस्क ज्या हबवर बसते तिथे गंजाचा पापुद्रा असला, की डिस्क तिरकी बसते. केसभर जाडीचा गंज, पण त्यामुळे येणारं डोलणं डिस्कच्या कडेला आणखी वाढतं. अशी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला चाटून जाते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजून पातळ होते. म्हणजे चूक होते डिस्क बसवण्याच्या दिवशी आणि थरथर येते सहा महिन्यांनी. तोवर कोण कोणाला विचारणार! नवी डिस्क त्याच गंजक्या हबवर चढते आणि सहा महिन्यांनी आणखी एक बिल होतं.

आता काम. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. गाडीसोबत येणारा जॅक पंक्चरपुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. जॅक-स्टँड विकत आणा, आणि काढलेलं चाकही आडवं करून उंबऱ्याच्या पट्टीखाली सरकवून ठेवा.

पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात. खालचा काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर वर उचलला जातो आणि पॅड हाती येतात. डिस्क काढायची तर कॅलिपर आणि त्याचं ब्रॅकेटही सुटं करावं लागतं. सुटा कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडणं हे पाप आहे. बांधकामाची तार घेऊन तो स्प्रिंगला टांगा. ही वेळ ब्रेक पेडलला कोणीही हात-पाय लावण्याची नाही. लहान मुलांना गाडीत बसू देऊ नका. धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

डिस्क सहसा हबला गंजून चिकटलेली असते आणि हातोडा घ्यावासा वाटतो. थांबा. कित्येक डिस्कच्या टोपीवर आटे पाडलेली दोन छोटी भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळत गेलं, की डिस्क स्वतःच ढकलली जाते. माझ्या ओळखीतल्या निम्म्या गाडीवाल्यांना ती भोकं कशासाठी असतात हे ठाऊक नव्हतं.

डिस्कवर कुठेतरी 'मिन' लिहून एक आकडा कोरलेला सापडेल. तेवढी जाडी उरेपर्यंतच ती वापरायची. नव्या डिस्कपेक्षा तो आकडा साधारण दोन मिलिमीटरनंच कमी असतो. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. साध्या व्हर्नियरनं मोजताना एक गंमत होते. पॅड पोहोचत नाही त्या कडेला ओठ तयार झालेला असतो, व्हर्नियर त्यावर टेकतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दिसते. दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. मी काठापासून सेंटिमीटरभर आत, गोल फिरून आठ ठिकाणी मोजलं. नवी असताना २० आणि किमान १८ अशी ती डिस्क १९.४ भरली, पण दोन जागी ०.०३ नं पातळ. हबवर गंजाची खरपुडी होतीच.

हब तारेच्या ब्रशनं चकचकीत घासला, डिस्कची आतली बाजूही. मग दोन्ही डिस्क अंबड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या टर्नरकडे नेल्या. हे काम घरी होत नाही. सँडपेपरनं वरवरचा मसाला आणि चकाकी निघते, जाडीतला फरक निघत नाही. टर्नरनं आधी डायल लावून डिस्क चकमध्ये सरळ बसल्याची खात्री केली, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला. लेथ मारून दोन्ही १९.१ वर आल्या. किमान जाडीच्या जवळ पोहोचलेली, तडे गेलेली किंवा निळे डाग खोल उतरलेली डिस्क मात्र लेथला नेऊ नये, सरळ बदलावी. आणि बदलायची तर एका बाजूची नाही, जोडीच.

बसवताना कॅलिपरच्या सरकत्या पिना जुनं ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीस लावून घेतल्या. माझी एक पीन अडकल्यासारखी झाली होती, त्यामुळे एका बाजूचा पॅड दुसऱ्याच्या निम्मा उरला होता. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन सी-क्लॅम्पनं हळूहळू आत दाबावा लागतो. वर ब्रेक ऑइलच्या डब्यात पातळी चढते, ओघळू देऊ नका, गाडीचा रंग उठतो. मागेही डिस्क असतील तर तिथले पिस्टन पुष्कळदा फिरवून आत न्यावे लागतात, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर ते काम घरी नकोच. ब्रेक ऑइलची नळीही घरी उघडू नका. तिच्यात हवा शिरली तर पेडल जमिनीला लागतं. नवी डिस्क गंजू नये म्हणून तेल लावून येते, तेही ब्रेक-क्लीनरनं पुसायचं असतं.

नट समोरासमोरच्या क्रमानं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. हे विसरून कितीतरी लोकांनी पार्किंगची भिंत गाठली आहे. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मऊपणे वेग कमी करा आणि मधे डिस्कला वारा लागू द्या. पुढचे दोनशे किलोमीटर सांभाळून. आणि घाट उतरल्यावर कुठे थांबावंच लागलं, तर सपाट जागी ब्रेक सोडून हँडब्रेकवर उभे राहा.

सगळं मिळून माझे दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी पुन्हा कसारा उतरलो, स्टिअरिंग गप्प होतं. त्याच डिस्क आजही गाडीला आहेत. गेल्या महिन्यात मोजल्या तेव्हा १८.९ मिलिमीटर भरल्या.