ओएलईडी पटलाची चालक मंडलाशी जोडणी

ओएलईडी पटलाची चालक मंडलाशी जोडणी म्हणजे सेंद्रिय प्रकाश उत्सर्जक डायोडांच्या दृश्यपटलावरील सूक्ष्म वाहक रेषा आणि त्यांना विद्युतप्रवाह व संकेत पुरवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल यांच्यात विद्युत संपर्क साधण्याची पद्धत होय. भ्रमणध्वनी, मनगटी घड्याळे, दूरचित्रवाणी संच आणि मोजमापाची उपकरणे यांतील पटलांत ही जोडणी पटलाच्या कडेला, काही मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात केलेली असते. प्रकाश देणारे सेंद्रिय थर शाबूत असले, तरी ही जोडणी निकामी झाल्यास पटल अंशतः किंवा पूर्णतः निरुपयोगी ठरते.

पार्श्वभूमी

ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारा द्विस्तरीय सेंद्रिय डायोड प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये पायोनियर कंपनीने मोटारीतील ध्वनिसंचासाठी या तंत्राचे पटल बाजारात आणले.

द्रवस्फटिक पटलातील बिंदू विद्युतदाबाने नियंत्रित होतो आणि त्यातून अत्यल्प प्रवाह वाहतो. ओएलईडीमध्ये मात्र प्रकाशाची तीव्रता डायोडमधून वाहणाऱ्या प्रवाहाच्या साधारण प्रमाणात असते. त्यामुळे येथे जोडणीला संकेताबरोबरच प्रकाशासाठी लागणारी ऊर्जाही वाहून न्यावी लागते आणि जोडणीचा रोध थेट दृश्याच्या गुणवत्तेवर परिणाम करतो.

वाहक रेषांचा रोध

पटलाचे धनाग्र बहुधा इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहकाचे असते. त्याच्या पातळ थराचा रोध प्रतिचौरस सुमारे १० ते २० ओहम असतो. १० मिलिमीटर लांब व ०.१ मिलिमीटर रुंद रेषेत असे १०० चौरस एकापाठोपाठ येतात. प्रतिचौरस १५ ओहम धरल्यास रेषेचा रोध १,५०० ओहम होतो आणि एक मिलिअँपिअर प्रवाहाला तिच्यातच १.५ व्होल्ट खर्ची पडतात. हा ऱ्हास टाळण्यासाठी दृश्यक्षेत्राबाहेरील रेषांवर क्रोमियम, मॉलिब्डेनम किंवा ॲल्युमिनियम यांसारख्या धातूचा थर देतात.

निष्क्रिय व सक्रिय रचना

निष्क्रिय रचनेत स्तंभ आणि ओळी एकमेकींना छेदतात व एका वेळी एकच ओळ उजळते. १२८ स्तंभ व ६४ ओळींच्या पटलात १९२ रेषा असतात. प्रत्येक ओळीला एकूण वेळेचा चौसष्टावा भाग मिळत असल्याने सरासरी उजेडाच्या ६४ पट उजेड तिला त्या क्षणी द्यावा लागतो. सोलोमन सिस्टेक कंपनीच्या एसएसडी १३०६ या चालक चिपमध्ये स्तंभाचा कमाल प्रवाह १०० मायक्रोअँपिअर असतो. सर्व स्तंभ उजळल्यास एकाच ओळीतून १२.८ मिलिअँपिअर प्रवाह परततो. म्हणून ओळींच्या रेषा व त्यांचे संपर्क विशेष कमी रोधाचे ठेवावे लागतात.

सक्रिय रचनेत प्रत्येक बिंदूमागे किमान दोन ट्रान्झिस्टर व एक धारित्र असते. बिंदू पुढील संकेत येईपर्यंत उजळत राहतो, त्यामुळे क्षणिक प्रवाह कमी पुरतो. मात्र सर्व बिंदूंना समाईक वीजपुरवठा असल्याने जोडणीपासून दूर जाताना दाब घटतो आणि भरपाई न केल्यास पटलाचा उजेड असमान दिसतो.

जोडणीची पद्धत

लहान पटलांत चालक चिप थेट काचेवर बसवतात. त्यामुळे १९२ रेषा काचेवरच चिपला मिळतात आणि बाहेर सुमारे तीस वाहकांची लवचीक फीत पुरते. मोठ्या पटलांत चिप फितीवरच असते, तर वळणाऱ्या पटलांत ती काचेऐवजी प्लॅस्टिकच्या आधारपटलावर बसवून कड मागे दुमडतात.

इंडियम टिन ऑक्साइडवर नेहमीचा डाख धरत नाही. शिवाय सेंद्रिय थरांना उष्णता सोसत नाही. टीपीडी या द्रव्याचे काचसंक्रमण तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअस, तर एनपीबीचे सुमारे ९५ अंश आहे. म्हणून विषमदिश वाहक पट्टी वापरली जाते. या चिकट पट्टीत धातूचा मुलामा दिलेले, साधारण ३ ते ५ मायक्रोमीटर व्यासाचे गोल कण विखुरलेले असतात. तापवलेल्या पात्याने काही सेकंद दाब दिल्यावर समोरासमोरील वाहकांमध्ये कण चेपले जाऊन संपर्क होतो. शेजारच्या वाहकांमध्ये कण एकमेकांना टेकत नसल्याने तेथे प्रवाह वाहत नाही. पाते १५० अंशांहून अधिक तापत असल्याने ही उष्णता कडेपुरतीच मर्यादित ठेवणे आवश्यक ठरते. फितीचे दुसरे टोक मंडलफलकाला डाखाने किंवा कनेक्टरने जोडतात.

वीज देण्याचा क्रमही ठरलेला असतो. एसएसडी १३०६ मध्ये प्रथम तार्किक भागाला १.६५ ते ३.३ व्होल्ट, मग पटलाला ७ ते १५ व्होल्ट दिले जातात. बंद करताना पटलाचा पुरवठा आधी काढतात.

बिघाड व दुरुस्ती

निष्क्रिय पटलात एखादीच रेघ कायम अंधारी राहिल्यास त्या रेषेचा संपर्क तुटल्याची शक्यता असते. संपूर्ण पटल काळे पडल्यास पुरवठ्याचा संपर्क आधी तपासला जातो. भ्रमणध्वनीवर कायम दिसणारी उभी रंगीत रेघ स्तंभाच्या चालकातील किंवा त्याच्या जोडणीतील दोषामुळे उमटू शकते. फीत तीव्र कोनात वाकवणे, धक्का आणि ओलावा ही बिघाडाची प्रमुख कारणे होत. जुनी पट्टी काढून नवी फीत यंत्राने बसवता येते. परंतु चिप काचेवर किंवा प्लॅस्टिकवर असल्यास दुरुस्ती बहुधा व्यवहार्य ठरत नाही आणि सबंध पटल बदलावे लागते.

पाण्याच्या बाफेमुळे सेंद्रिय थर व ऋणाग्र खराब होतात. त्यामुळे दिवसाला प्रतिचौरस मीटर ०.००००१ ग्रॅमपेक्षाही कमी बाफ आत जाईल असे आवरण अपेक्षित असते. वाहक रेषा या आवरणाखालून बाहेर येतात. बाहेरच्या उघड्या धातूवर ओलावा व विद्युतदाब एकत्र आल्यास विद्युतरासायनिक गंज चढतो, म्हणून जोडणीवर संरक्षक लेप देतात. कोल्हापूरसारख्या पावसाळ्यात दीर्घकाळ दमट राहणाऱ्या भागात या लेपाला विशेष महत्त्व आहे.

कोल्हापुरातील संबंधित संशोधन

कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली. विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांवरील संशोधनासाठी ओळखला जातो. तेथे फ्लोरिनमिश्रित टिन ऑक्साइडचे पारदर्शक वाहक थर फवारा-औष्णिक विघटन पद्धतीने तयार करून अभ्यासले गेले आहेत. या पद्धतीत सुमारे ४०० ते ५०० अंश तापलेल्या काचेवर द्रावण फवारले जाते. असे थर प्रामुख्याने सौर घट व संवेदक यांसाठी उपयुक्त मानले जातात. दुर्मीळ इंडियमला पर्याय म्हणून ते ओएलईडीच्या धनाग्रासाठीही विचारात घेतले जातात. मात्र त्यांचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत असावा लागतो. सेंद्रिय थरांची एकूण जाडी साधारण १०० ते ५०० नॅनोमीटर असल्याने लहानसा उंचवटाही धनाग्र व ऋणाग्र यांच्यात लघुमंडल घडवू शकतो.