डाव्या बाजूचे पित्ताशय

पोट डावीकडे दुखत असेल तर ते पित्ताशयाचे दुखणे नव्हे, हा ठोकताळा सुमारे दहा हजारांतील एका मनुष्याच्या बाबतीत खोटा ठरतो. त्याचे हृदय उजवीकडे आणि यकृत व पित्ताशय डावीकडे असते. सारी रचनाच आरशातल्यासारखी. हा रोग नव्हे, अपशकुन तर नव्हेच. कित्येकांस या उलटेपणाचा जन्मभर पत्ताही लागत नाही. (उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे आपण कडक मानतो, या देहाचे सोवळे शस्त्रवैद्याने पाळावयाचे असते.)

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली प्रथम केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ती भारतात आणली. उलट रचनेच्या रुग्णांवरही ती १९९१ पासून होत आली आहे. पडदा, मदतनीस, पोटावरील छिद्रे सारे पालटून मांडता येते. पालटत नाही तो शस्त्रवैद्याचा सवयीचा हात. उजवखोऱ्या शस्त्रवैद्याचे दोन्ही हात येथे एकमेकांस आडवे येतात. म्हणून कोणी पित्ताशय मदतनीसाच्या हाती धरावयास देतो, कोणी डाव्या हाताने नलिका मोकळी करतो. वेळ अधिक लागतो, आणि तो लागू द्यावा. घाईत पित्ताशयाच्या नलिकेऐवजी मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर दोन दिवसांत घरी जाणारा रुग्ण कावीळ आणि दुसरी मोठी शस्त्रक्रिया यांच्या फेऱ्यात सापडतो.

परंतु आम्हांस अधिक चिंता वाटते ती शस्त्रक्रियेपूर्वीच्या काळाची. सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे कापडधंद्यावर पोट भरतात. मागावरचा कामगार पोटदुखीपायी रोज बुडवीत नाही; आम्लपित्ताची गोळी घेऊन पाळीवर जातो. त्यातून कळ डावीकडची, म्हणजे पित्ताशयाची शंका कोणाला येणार? सोनोग्राफीने उलगडा होतो, पण तोवर महिने लोटतात. पुढे निदान सुरतेत आणि शस्त्रक्रिया धुळ्या-जळगावकडे, असे झाले की कागद मागे राहतात. उजवीकडचे हृदय दाखविणारा एक्स-रे तर उलटा धरला गेला, अशीच शंका प्रथम घेतली जाते.

महापालिकेच्या दवाखान्यांनी अशा रुग्णाच्या केसपेपरवर ‘अवयव उलट बाजूस’ एवढे शब्द गुजराती व मराठीत ठळक लिहावेत, आणि त्याची एक प्रत रुग्णाच्या हाती द्यावी. घरच्या माणसांनीही ते तोंडपाठ ठेवावे. कारण उद्या त्याचे आंत्रपुच्छ सुजले, तरी कळ बहुधा डावीकडेच येणार आहे.