आहारातील स्निग्ध पदार्थ आणि त्वचेचा कर्करोग

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य बाह्य कारण म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. ते पेशीतील डीएनएला इजा करतात. मग तेल-तुपाचा इथे संबंध काय? हा प्रश्न जुना आहे. बाउमन आणि रश या अमेरिकी संशोधकांनी 1939 मध्ये दाखवले की, जास्त मेदयुक्त खाद्यावरच्या उंदरांमध्ये अतिनील किरणांमुळे होणाऱ्या गाठी लवकर येतात.

यामागची प्रक्रिया समजून घेऊ. आपण खातो ती मेदाम्ले पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. सूर्यफूल किंवा मका तेलातील ओमेगा-6 मेदाम्लापासून शरीर अॅराकिडॉनिक आम्ल तयार करते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई-2. उन्हाने भाजलेल्या त्वचेत हे द्रव्य वाढते. ते दाह वाढवते आणि त्वचेची प्रतिकारशक्ती दाबते. मासळीतील ओमेगा-3 मेदाम्ले त्याच विकरांसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे हे उत्पादन घटते. उंदरांमध्ये संतृप्त मेदापेक्षा ओमेगा-6 मेदाने गाठी जास्त वाढल्या. म्हणजे ‘संतृप्त वाईट, असंतृप्त चांगले’ हा हृदयविकाराच्या संदर्भातला नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

माणसांत काय दिसले? ह्यूस्टन येथे होमर ब्लॅक व सहकाऱ्यांनी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या 76 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने मेदातून मिळणारी ऊर्जा सुमारे 20 टक्क्यांवर आणली, दुसरा सुमारे 36 टक्क्यांवरच राहिला. 2000 किलोकॅलरी आहार धरून हिशेब करा: एका ग्रॅम मेदातून 9 किलोकॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाला अंदाजे 44 ग्रॅम विरुद्ध 80 ग्रॅम. दोन वर्षांत नेहमीच्या आहारावरील रुग्णांना सरासरी 10 नवे अॅक्टिनिक केरॅटोसिस (उन्हामुळे येणारे खरखरीत चट्टे) आले. कमी मेदाच्या गटात फक्त 3. हा निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाला आणि गाजला. मात्र असा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. त्यांतील थोडेच पुढे कर्करोगात बदलतात.

मोठी कसोटी झाली ती अमेरिकेच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये. रजोनिवृत्तीनंतरच्या 48,835 स्त्रिया आणि सरासरी सुमारे 8 वर्षांचा पाठपुरावा. कमी मेदाच्या आहाराने मेलानोमा घटला नाही, इतर त्वचा-कर्करोगही घटले नाहीत. माझ्या मते सर्वसामान्य निरोगी माणसाच्या बाबतीत हाच पुरावा जास्त वजनदार आहे.

तरी दोन्ही प्रयोगांची तुलना सरळ नाही. या स्त्रियांचेही लक्ष्य 20 टक्केच होते, पण पहिल्या वर्षी त्या 24 टक्क्यांपर्यंत आल्या आणि सहाव्या वर्षी पुन्हा 29 च्या आसपास गेल्या. (माणूस हा काही प्रयोगशाळेतला नमुना नाही, सणावाराला घरात तळण होतेच.) ह्यूस्टनचे रुग्ण 20 च्या जवळ टिकले आणि त्यांची त्वचा आधीच उन्हाने बिघडलेली होती. त्यामुळे एकदा कर्करोग होऊन गेलेल्यांसाठी हा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही.

आपल्याकडे हे आकडे लावताना आणखी एक फरक पडतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरणांचा बराच भाग शोषून घेते आणि मूळ जोखीमच कमी असते. वरील अभ्यासांत मात्र सहभागी झालेले बहुतेक जण गोऱ्या वर्णाचे होते.